वाळवीचं मडकं

आश्विन लागला की आमच्या लातूरच्या घराच्या मागच्या दाराच्या चौकटीवर मातीची एक ओलसर रेघ उमटते. फरशीपासून निघते आणि बोटभर रुंदीनं वर चढत जाते. नखानं थोडी खरवडली की आत पांढुरक्या किड्यांची धावपळ दिसते. वाळवी. दर वर्षी ही रेघ दिसली की शेजारच्या काकू मला पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर देतात. तो एकच नंबर माझ्या फोनमध्ये आता तीन वेगवेगळ्या नावांनी साठवलेला आहे. वाळवी बघून लोकांचं तोंड वाकडं होतं, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही. माझ्या मनात मात्र आधी वेगळंच येतं. एवढ्या वाळवीत सात पिल्लांची न्याहारी झाली असती, असं येतं.

दादा, म्हणजे माझे वडील, होते तोवर पेस्ट कंट्रोलचा विषय निघाला की ते वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणायचे, ‘खाऊ दे थोडं लाकूड. आपल्याला काय, दार तर लागतंय.’ आम्हाला तो त्यांचा म्हातारपणीचा हेकटपणा वाटायचा. आई तर सरळ म्हणायची की यांना खर्च नको. दादा त्यावर नुसते हसायचे आणि पान उलटायचे.

मी जीवशास्त्र शिकवते. लातूरला एका क्लासमध्ये पाच दिवस, आणि शनिवार-रविवार नांदेडला. अमीबापासून माणसापर्यंत सगळ्यांच्या पचनसंस्था मी फळ्यावर इतक्या वेळा काढल्या आहेत की डोळे मिटून काढीन. पण एका जिवंत पोटात काय घालावं आणि काय घालू नये, हे मला कुठल्याच पुस्तकानं शिकवलं नाही. ते गयामावशीनं शिकवलं. भूकंपाच्या वर्षी, शिरूर अनंतपाळला, शाळेच्या मैदानावर.

त्या वर्षी मी दहावीत होते. गणपती विसर्जन करून गाव झोपलं आणि पहाटे जमीन हलली. किल्लारीकडं जे झालं त्याच्यापुढं आमच्याकडं काहीच झालं नाही, असं आम्ही तेव्हाही म्हणायचो आणि आजही म्हणतो. भिंतींना भेगा गेल्या, काही घरांचे कोपरे बसले. पण छताखाली झोपायला कुणी तयार होईना. शाळेच्या मैदानावर आधी ताडपत्र्या बांधल्या गेल्या, मग पत्र्यांचे शेड उभे राहिले. थंडी सरेपर्यंत अर्धं गाव तिथंच होतं. दुपारी पत्रा तापला की आत बसवायचं नाही, पहाटे तोच पत्रा दवानं ठिबकायचा. मधूनच एखादा बारीक धक्का यायचा आणि सगळ्या शेडचे पत्रे एकदम खडखडायचे. मग कुणीतरी मोठ्यानं म्हणायचं, ‘गेला, गेला,’ आणि थांबलेली बोलणी जिथल्या तिथं पुन्हा सुरू व्हायची.

दादा भूगोल शिकवायचे. दख्खनचं पठार हा देशाचा सगळ्यात स्थिर भूभाग आहे, हे वाक्य त्यांनी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं आणि मुलांकडून खाली दोन रेघा मारून घेतल्या होत्या. भूकंपानंतर टँकरच्या रांगेत एका जुन्या विद्यार्थ्यानं त्यांना गमतीनं विचारलं, ‘गुरुजी, तुमचं पठार हललं की.’ सगळे हसले. दादाही हसले. पण त्यानंतर त्यांनी तो धडा शिकवला नाही, आणि स्वतःला कॅम्पच्या कामात बुडवून घेतलं. घोंगड्यांची यादी, दूध भुकटीचं वाटप, तहसीलला अर्ज, सगळं दादांकडं. ते वाक्य जणू त्यांनीच पुस्तकात घातलं होतं आणि आता निस्तरायचंही त्यांनीच होतं, असे ते त्या दिवसांत हिंडायचे. मला त्यांची दया यायची, आणि दया येते म्हणून स्वतःचा रागही यायचा.

गयामावशी आमच्या शाळेत घंटा द्यायची, पाणी भरायची. माहेर लोह्याकडचं. नवरा लवकर गेलेला, मुलगा नांदेडला वसतिगृहात राहून शिकत होता. घर पडायला आलं तेव्हा तिनं दोनच गोष्टी बाहेर काढल्या, भिंतीवरचा बुद्धाचा फोटो आणि अंड्यांवर बसलेली तांबडी कोंबडी, टोपलीसकट. तिच्या गल्लीतल्या लोकांना मैदानाच्या अगदी टोकाची, बाभळीकडची रांग मिळाली होती. टँकर तिकडं सगळ्यात शेवटी पोचायचा. असं कुणी ठरवलेलं नव्हतं, असं सगळेच सांगायचे.

अंडी फुटली आणि तिसऱ्या दिवशी कुत्र्यानं कोंबडी नेली. मागं सात पिल्लं राहिली. हे मला कळलं ते दादांनी तिच्याकडं एक घोंगडी देऊन पाठवलं तेव्हा. मावशी शेडच्या दारात उकिडवी बसली होती. समोर पत्र्याची ताटली, तीत ज्वारीच्या बारीक कण्या. आणि ती तर्जनीच्या नखानं ताटलीवर टक टक, टक टक करत होती. थोडं थांबायची, पुन्हा टक टक. पिल्लं माना तिरप्या करून तिच्या बोटाकडं बघत होती. मग एकानं धीर करून बोटाशेजारी चोच मारली, आणि चुकून एक कणी त्याच्या तोंडात गेली. ते स्वतःच इतकं दचकलं की मागं पडलं.

‘त्येंला आई न्हाई,’ मावशी म्हणाली, ‘मग खायाचं कुणी शिकवावं? बोटानं शिकवायचं.’

मी घोंगडी हातात धरूनच बसले. त्या दिवसापासून अभ्यासाला मी बाभळीखाली जायला लागले. आमच्या शेडमध्ये गडबड असते, तिकडं शांत असतं, असं कारण मी घरी दिलं. तिकडं शांतता अजिबात नव्हती. सात पिल्लं दिवसभर चिवचिवत असायची आणि मी बीजगणिताच्या पानावर त्यांची शिट पुसत बसायचे. पण कारण कुणी तपासलं नाही.

पिल्लांची नावं मी ठेवली. दहावीचं वर्ष, दुसरं डोक्यात काय असणार. मराठी, हिंदी, इंग्रजी, बीजगणित, भूमिती, विज्ञान, इतिहास. भूगोल मुद्दाम ठेवला नाही. भूमिती कायम कोपऱ्यात असायची. इंग्रजी सगळ्यांच्या मागून यायचं. मराठी स्वभावानं गरीब. आणि विज्ञान म्हणजे आगाऊ आणि खादाड, ताटली खाली टेकायच्या आत तिच्यात उभं. ते माझं लाडकं होतं. मावशीला ही नावं ऐकून हसू आवरायचं नाही, पण ती वापरायची मात्र अगदी मनापासून. ‘शैला, आपला इतिहास कुठं गेला बघ गं,’ असं ती हाक मारून म्हणायची तेव्हा पलीकडच्या शेडमधले मास्तर चमकून बाहेर बघायचे.

आमचं घर शाकाहारी. आईनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं की कोंबड्यांचं काही इकडं आणायचं नाही. चौथ्या दिवशी तिनंच काचेच्या बाटलीत गरम पाणी भरून, बाटलीला फडकं गुंडाळून दिलं, पिल्लांच्या दुरडीत ठेवायला. आठव्या दिवशी ती पिठाच्या जुन्या चाळणीनं वाळू चाळत बसलेली मी पाहिली. कारण मावशीनं सांगितलं होतं की पिल्लाला दात नाहीत, त्याच्या पोटात बारीक कच गेली पाहिजे, त्याशिवाय किडा पचत नाही. आई मला म्हणाली, दादांना सांगू नकोस. दादा मागंच उभे होते.

किडे सुरू झाले ते त्या वाळूनंतर. मावशीचं सगळं क्रमानं असायचं. पहिले काही दिवस नुसत्या कण्या आणि पाणी. मग कच. मग एका पिल्लाला दोन-तीन वाळव्या, तेवढ्याच. पिल्लं अंगानं भरायला लागली की थोड्या जास्त, पण काही झालं तरी सकाळीच, म्हणजे दिवस मावळायच्या आत पोट हलकं होतं. आणि आधी कण्या, मग किडा. किडा आधी दिला की पोरं कण्यांकडं ढुंकून बघत नाहीत, असं ती म्हणायची. नाकतोडा सापडला तर त्याच्या तंगड्या काढून, नाहीतर तो घशात अडकतो. गांडूळ तोडून, कणीएवढं करून. केसाळ अळी द्यायची नाही. लाल मुंग्या तर ताटलीजवळसुद्धा येऊ द्यायच्या नाहीत, त्या पिल्लालाच चावतात. फवारलेल्या कापसातलं काही आणायचं नाही. आणि या सगळ्यांच्या वरचा एक नियम होता. तो तिनं मला दोनदा सांगितला.

‘जे पळतंय तेच द्यायचं, शैला. जे पडलंय ते कशानं पडलंय, आपल्याला काय ठावं?’

वाळवी पकडायची तिची रीत लोह्याकडची, तिच्या आईची. कड गेलेलं एक मडकं घ्यायचं. त्यात ज्वारीच्या कडब्याचे तुकडे, चुरलेली गोवरी, सगळं पाणी शिंपडून ओलसर करून दाबून भरायचं. बाभळीच्या बुंध्याशी वाळवीचं वारूळ होतं, त्याचा माथा खुरप्यानं जरा उघडायचा आणि दिवस कलायच्या वेळी मडकं त्यावर उपडं घालायचं. वर एक पोतं, कडेनं माती. सकाळी ऊन यायच्या आत उचलायचं. ओल्या कडब्याच्या वासानं वाळवी खालून वर चढून मडक्यात भरलेली असायची. परातीवर दोनदा झटकलं की पांढरी खळबळ पडायची. उन्हाला लागली की ती सुकते, म्हणून घाई करायची.

आणि मग जे व्हायचं ते बघायला मी मंगळवारचा बाजारसुद्धा चुकवला असता. विज्ञान पहिली वाळवी उचलायचं आणि खायचं सोडून पळत सुटायचं. समोर ताटलीभर वाळवी पडलेली असताना ती सोडून बाकीचे सहा त्याच्या चोचीतल्या एकीसाठी त्याच्या मागं धावायचे. मैदानाच्या त्या टोकाला सकाळच्या कोवळ्या उन्हात सात विषय एका किड्यासाठी धावतायत आणि गयामावशी पदर तोंडाला लावून हसतेय, हे चित्र मला आजही नुसतं डोळे मिटले की दिसतं. त्या महिन्यांत आमच्या गावात कुणी असं हसत नव्हतं. मावशीचं सगळं लक्ष त्या पिल्लांवर लागलेलं होतं. किल्लारीकडं तिची मावसबहीण आणि तिची माणसं गेली होती. त्याबद्दल ती बोलायची नाही. रोज उठून सातही जण आहेत का, ते मात्र मोजायची.

दिवाळीनंतर तिला लोह्याहून निरोप आला. भाऊ आजारी होता. ती दुरडी घेऊन आमच्या शेडपाशी आली, आणि आईसमोर मला म्हणाली, ‘दोन दिस बघशील न्हवं?’ मी हो म्हणाले. तिनं नियम पुन्हा सांगितले नाहीत. मला येतात, असं तिनं धरलं होतं. मला त्याचा फार अभिमान वाटला.

त्याच दुपारी पावडर मारणारी माणसं आली. कॅम्पात डास, पिसवा, गोचिडी वाढल्या होत्या, ताप पसरायला लागला होता. पाठीवर पंप, हातात डबे, तोंडाला रुमाल. नेहमीप्रमाणं ती पहिल्या रांगेपासून सुरू करणार होती. दादांनी त्यांना अडवलं. मी सराव परीक्षेचा पेपर देऊन येत होते, मी ते ऐकलं. दादा म्हणाले, ‘आधी त्या टोकाला मारा. दर वेळी तिकडं जाईपर्यंत सगळं संपतं.’ तो माणूस काहीतरी पुटपुटला, पण दादा त्याच्याबरोबर स्वतः चालत गेले आणि गयामावशीच्या शेडपासून सुरुवात करून घेतली. चांगली दाट मारा, म्हणाले. परत आले तेव्हा कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसला. आईला म्हणाले, गयाबाई आल्या की बघतील.

मी संध्याकाळी रोजच्यासारखं मडकं लावलं. वारुळाभोवती पांढरा पट्टा होता, तो मला दिसला. पण मडकं वर उपडं आहे, आत थोडंच काही जाणार, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मी तेवढाही विचार केला नसेल. दुसऱ्या दिवशी भूमितीचा सराव पेपर होता आणि डोक्यात वर्तुळाची प्रमेयं होती.

सकाळी मडकं उचललं तर जड. परातीवर झटकलं तर इतकी वाळवी कधीच पडली नव्हती. पण खळबळ नव्हती. पुष्कळशा नुसत्या पडून होत्या, काही पाय हलवत होत्या. मला दिसलं. मावशीचं वाक्यही आठवलं. आणि तरी मी ताटली खाली ठेवली, कारण घंटा व्हायला पंधरा मिनिटं होती. हे मी आजवर स्वतःला अनेक प्रकारे समजावून सांगितलं आहे, पण गोष्ट एवढीच आहे. मला नियम माहीत होता आणि मला उशीर होत होता.

दुपारी आले तेव्हा विज्ञान कुशीवर पडलं होतं आणि त्याचे पंख थरथरत होते. इतिहासाची मान मागं वळली होती. बीजगणित आणि हिंदी आधीच गेले होते. मी चोचीत पाणी सोडलं, ते बाहेर आलं. भूमिती कोपऱ्यात होती, इंग्रजी मागं राहिलं होतं, आणि मराठीला बाकीच्यांनी ताटलीजवळ येऊच दिलं नसावं. ती तिघं जगली. मडक्याच्या कडेला आतून पांढरी भुकटी होती, ती मला तेव्हा दिसली. उरलेली वाळवी मी तिथंच वारुळापाशी ओतली, मडकं टाकलं आणि शेडच्या मागं बसून रडले.

मावशी दिवस मावळायच्या आत परत आली, भाऊ बरा होता. चार पिल्लं मी कापडावर ओळीनं ठेवली होती. आई होती, आणि दादाही तिथं येऊन उभे राहिले होते. काय झालं, असं मावशीनं मला विचारलं. मी दादांकडं पाहिलं आणि म्हणाले, ‘मानमोडी झाली वाटतं.’ कोंबड्यांना होणारा तो रोग गावात सगळ्यांना माहीत होता.

मावशी खाली बसली. तिनं एकेक पिल्लू हातात घेतलं, जवळ नेऊन पाहिलं, आणि प्रत्येकाची चोच पदरानं पुसली. सावकाश, बाळाचं तोंड पुसतात तशी. विज्ञानाला तिनं जरा जास्त वेळ हातात धरलं. मग ती मोठ्यानं, दादांना ऐकू जाईल अशी म्हणाली, ‘हाव. मानमोडीच हाय.’

माझं खोटं खपलं, असं मला वाटलं. सुटल्यासारखं वाटलं आणि त्याचीच लाजही वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून गेले तर दादा बाभळीखाली धोतर खोचून फावड्यानं वरची माती ओढत होते. मावशीच्या शेडभोवतीची सगळी वरची माती त्यांनी घमेल्यानं लांब नेऊन टाकली आणि तिथं नवा मुरूम पसरला. चिखल होतो इथं, म्हणाले. चिखल नव्हता, कितीतरी दिवस पाऊस नव्हता. पण दादांच्या त्या दिवसांतल्या कामांना कारण विचारायचं आम्ही सोडून दिलं होतं. मावशीनं मात्र त्याच सकाळी तिघांची दुरडी पुन्हा माझ्या मांडीवर आणून ठेवली. ‘ह्यांला चारत जा,’ म्हणाली. मी नको म्हणाले. ती म्हणाली, ‘तूच चार.’ आणि पाणी भरायला निघून गेली. त्यानंतर परीक्षा संपेपर्यंत मी त्या तिघांना एकेक किडा हातावर घेऊन, तो चालतोय हे बघून, मग दिला.

दहावीनंतर मला अकरावीला लातूरला ठेवलं. तेव्हापासून लातूर फुगतच गेलं. गुणवत्ता यादीतल्या मुलांचे फोटो चौकाचौकांत लागायला लागले, गल्लीगल्लीत क्लास, घराघरात खोल्या आणि मेसचे डबे. मीही त्या गर्दीत शिकले आणि पुढं त्या गर्दीतच शिकवायला लागले. दादांची बदली झाली, मग इथं घर झालं. लोह्याकडची, उदगीरची, कुठकुठली पोरं येतात. पहिले काही आठवडे त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. मी त्यांच्या डब्यात डोकावते, त्यांना मी जरा विचित्र वाटते. नोट्सचा ढीग बघून मला कधीकधी ती परात आठवते, मग मी त्या दिवशी थोडंच शिकवते आणि प्रश्न विचारत बसते. बाकीचे शिक्षक म्हणतात, मॅडमचा सिलॅबस मागं राहतो. राहतो खरा.

दादा गेल्या पावसाळ्यात गेले. झोपेतच गेले, शांतपणे. त्यानंतरच्या आश्विनात मी एका रविवारी नांदेडला क्लास संपवून गयामावशीकडं गेले. तिचा मुलगा तिथंच सरकारी नोकरीत आहे, नातवंडं इंग्रजी शाळेत. मावशी आता ऐंशीच्या घरात. दादांच्या जाण्याचं तिला कळलं होतं, प्रवास झेपत नाही म्हणून येता आलं नव्हतं. ती माझा हात धरून बसली. सुनेनं पोह्यांची ताटली आणून ठेवली. माझ्यानं खाववेना. इतकी वर्षं छातीत धरून ठेवलेलं तिथं तिच्यासमोर वर आलं, आणि मी सांगून टाकलं. मानमोडी नव्हती मावशी. पावडर होती. मला वाळवी मेलेली दिसत होती, तरी मी दिली. आणि मी खोटं बोलले.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘गुरुजींला कधी कळलं का गं ते?’

मी नाही म्हणाले. मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

‘बरं केलंस माय,’ ती म्हणाली. ‘मला तवाच ठावं होतं. चोचीला पांढरं होतं, ते म्या पुसलं. गुरुजी समोर हुबे होते. पयल्यांदा कुणी आमच्या बाजूला आधी काही मारायला लावलं होतं. अन् त्येच्यानंच पिल्लं मेली म्हणून सांगू व्हय त्या माणसाला? आधीच त्या पठारानं खचले होते.’

मी माझ्या अपराधावर पांघरूण घालत होते, आणि मावशी माझ्या वडिलांच्या चांगुलपणावर. एवढी वर्षं मला वाटत होतं की मी तिला फसवलं. तिनं तर्जनीच्या नखानं पोह्यांच्या ताटलीवर टक टक केलं. मी घास घेतला.

निघताना तिनं सहज विचारलं, ते मडकं मी कुठं टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी ती शोधत होती, आत पांढरं असेल, कुणाच्या नजरेला पडायला नको म्हणून. तिला वाटलं होतं मीच उचललं. मी म्हणाले, मी नाही, मला वाटलं तुम्ही उचललं.

लातूरच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर मला ते एकेक करून दिसायला लागलं. वारुळापाशी उलटं पडलेलं मडकं आणि शेजारी मेलेल्या वाळवीचा ढीग. धोतर खोचून माती ओढणारे दादा. कोरड्या ठणठणीत जमिनीवर चिखल होतो म्हणून पसरलेला मुरूम. आणि पुढं आयुष्यभर, स्वतःच्या घराची चौकट वाळवी खात असताना, खाऊ दे थोडं लाकूड म्हणणारे दादा. खर्चाचा प्रश्न नव्हता. त्या माणसानं पुन्हा कधी कुठल्या भिंतीशी पावडर मारू दिली नाही, आणि का ते कुणाला सांगितलं नाही. मी रडत होते की काय कोण जाणे, शेजारच्या बाईनं मला पाण्याची बाटली दिली.

घरी आल्यावर सुताराला बोलावून चौकटीचा खालचा हातभर तुकडा कापून नवा जोडून घेतला. काकूंना सांगितलं की नंबर आहे माझ्याकडे. मग मावशीला फोन लावला आणि मडकं कुणी उचललं ते सांगितलं, मुरमाचं सांगितलं, चौकटीचं सांगितलं. पलीकडं ती हसली की रडली ते मला नीट कळलं नाही.

‘म्हंजी,’ ती म्हणाली, ‘गुरुजींनी आपल्या दोघींला बी फसिवलं की.’